पेट्रोलचा वास आला तर...



पूर्वी दारात बैलगाडी असायची. चाकाला वंगण घातले की काम भागायचे. आता बऱ्याच दारांत जुनी घेतलेली का होईना, चारचाकी उभी दिसते. ती लावतो कुठे? पडवीत, गोठ्याच्या कडेला, नाही तर कडब्याच्या गंजीशेजारी. म्हणून आज एका वासाबद्दल बोलायचे आहे.

आमच्या पुतण्याने जुनी पेट्रोल गाडी घेतली. चार दिवसांनी सूनबाई म्हणाली, "मामंजी, सकाळी पडवीचे दार उघडले की पेट्रोलचा वास येतो." पुतण्या हसला. "पेट्रोलची गाडी आहे, अत्तराचा वास कसा येईल?" एके संध्याकाळी वीज गेली होती. हा पठ्ठ्या गाडीखाली काय गळते ते बघायला काडी ओढणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

मंडळी, पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि सरपटत चुलीपर्यंतही जाते. तेव्हा वास आला की आधी एवढे करा. काडी, विडी, कंदील लांब ठेवा. तिथले दिव्याचे बटण चालू-बंद करू नका, त्यातही ठिणगी उडते. दारे उघडा. गाडी सुरू न करता ढकलून उघड्यावर आणा. मुलांना दूर ठेवा. या वासाने डोके दुखते, मळमळते.

आता वाफ येते कुठून, ते पाहू. उन्हात टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. आताच्या गाड्यांत ती नळीने कोळशाच्या एका डबीत जाते. तिला कॅनिस्टर म्हणतात. कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू असताना एक झडप उघडते, इंजिन ती वाफ ओढून घेते आणि जाळते. म्हणजे वाफ बाहेर येण्याचे कारणच नसते. वास येतो, याचा अर्थ या वाटेत कुठे तरी भोक आहे. डिझेलच्या ट्रॅक्टरला ही डबी नसते.

शोध सोप्याकडून अवघडाकडे घ्यावा. दिवसा उजेडी आणि इंजिन थंड असताना.

१. टाकीचे टोपण. आतली रबरी कडी चिरली आहे का, तिच्यावर माती बसली आहे का, ते पाहा. फडक्याने पुसा आणि टोपण कट्‌कट् आवाज येईपर्यंत फिरवा. कडी चिरली असेल तर टोपणच बदला.

२. नळ्या. टाकीपासून डबीपर्यंत हात फिरवा. क्लिपजवळ रबर कडक होऊन तडकते. गाडी गोठ्याजवळ असेल तर उंदरांचे दात लागलेले सापडतात. २०२५ पासून देशभर मिळते त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर त्याने लवकर खराब होऊ शकते.

३. डबी. पंपावर आपोआप बंद झाल्यावरही "अजून थोडे घाला" म्हणून काठोकाठ भरण्याची सवय अनेकांना असते. ते पेट्रोल डबीत शिरते आणि कोळसा निकामी होतो. पंप थांबला की आपणही थांबावे.

एवढ्याने सापडले नाही तर कारागिराकडे जा. गॅसच्या शेगडीला आपण साबणाचे पाणी लावून पाहतो. इथे दाब फार कमी, त्यामुळे बुडबुडे येतीलच असे नाही. कारागीर यंत्राने अगदी हलक्या दाबाचा धूर आत सोडतो. धूर जिथून बाहेर येतो तिथे भोक. टायरच्या हवेचा कॉम्प्रेसर मात्र लावू देऊ नका, नळ्या निसटतात, टाकीही फुगते.

आणि वास नसून थेंब गळत असतील, किंवा इंजिन चालू असताना पुढून उग्र वास येत असेल, तर गाडी तिथेच बंद करा. कारागिरालाच घरी बोलवा.

आमच्या गाडीचे काय निघाले? आधीच्या मालकाने वाफेच्या नळीऐवजी फवारणी पंपाची नळी तोडून बसवली होती! वाफ लागून ती क्लिपजवळ उभी चिरली होती. पेट्रोलसाठीच बनवलेली नळी आणि नवी क्लिप बसवली, पडवीतला वास गेला. नळीसारखी नळी दिसली, तरी पाण्याची पाण्याला आणि पेट्रोलची पेट्रोलला.

आणखी एक सांगतो. यंत्र आम्हा पुरुषांच्या हातात होते, पण दोष कळला तो सूनबाईच्या नाकाला. घरातल्या बाईमाणसाने "वास येतो" म्हटले, तर हसण्यावारी नेऊ नका. आज संध्याकाळी गाडी लावण्याआधी टोपणाची कडी तेवढी बघून घ्या.