दात पांढरे करण्याच्या नादात

लग्नासाठी मुलगी बघायला आलेली मंडळी हल्ली तोंडावर काही विचारत नाहीत, पण नजर दातांवर असते. दात पिवळे दिसले की घरी जाऊन "पोरगी चांगली आहे, पण..." सुरू होतं. मग त्या पोरीच्या हातात कुणी कोळशाची पूड देतं, कुणी लिंबू-मीठ, कुणी लाल मंजन. सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांत हे इतकं रुळलंय की कुणाला त्यात वावगं दिसत नाही. मला दिसतं. नर्स म्हणून इतकी तोंडं तपासली, त्यावरून सांगते, पांढरं करायच्या नादात आपण दात घालवतोय.

दाताच्या वरच्या कडक आवरणाला इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरात त्याहून कठीण काही नाही. चावण्याच्या टोकाशी त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर, हिरडीकडे ते पातळ होत जातं. ते थोडं पारदर्शक असतं आणि त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. म्हणून चांगल्या निरोगी दातालाही पिवळी झाक असते. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते. इनॅमल झिजलं की गेलं, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंतच असतात. म्हणजे घासून घासून इनॅमल पातळ केलं की आतला पिवळेपणा जास्तच दिसणार. मग आणखी घासायचं!

दाताचा डाग आणि दाताचा खडबडीतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत त्या वेगवेगळ्या मोजतात, आणि दोन्ही उजेडाने मोजता येतात. पूर्वी खडबडीतपणा बघायला दातावरून बारीक सुई ओढत. पण सुईने ओरखडा पडू शकतो आणि अगदी अरुंद खाचेत ती शिरत नाही. आता दातावर प्रकाश सोडतात आणि परत आलेल्या प्रकाशावरून उंचसखलपणाचा नकाशा काढतात. आपल्या घरातली शहाबादी फरशी आठवा. पॉलिश केलेल्या फरशीत खिडकी दिसते, खरबरीत फरशीवर उजेड नुसता पसरतो. तत्त्व साधारण तेच, फक्त यंत्र ते मायक्रॉनमध्ये सांगतं. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ०.२ मायक्रॉनचा उंबरठा मांडला. पृष्ठभाग त्याहून खडबडीत असला की त्यावर जंतूंचा थर जास्त साचतो. ०.२ मायक्रॉन म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा सुमारे तीनशेवा भाग. डोळ्याला, बोटाला काही कळायचं नाही.

रंग मोजायचं यंत्र वेगळं. ते दातावरून परतलेल्या उजेडातून तीन आकडे काढतं. उजळपणा किती, लाल-हिरवी झाक किती, पिवळी-निळी किती. ही पद्धत १९७६ पासून जगभर वापरतात, कापडाच्या रंगालाही तीच. गिरण्यांच्या गावात ते निराळं सांगायला नको.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. चहा पिऊन पिवळा झालेला दात गुळगुळीत असू शकतो. कोळशाने घासलेला दात आज उजळ दिसेल, पण खडबडीत झाला असेल तर उद्या त्यावर चहा, पान, हळद जास्त धरणार. आपला सोलापुरी फासेवाला टॉवेल आणि गुळगुळीत अस्तराचं कापड दोन्ही हळदीच्या पाण्यात बुडवा, कुठं जास्त धरतं बघा. लिंबू-मिठाचं तर विचारूच नका. तोंडातला आम्लांक साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात, आणि लिंबाचा आम्लांक अडीचच्या आसपास असतो. आधी आम्लाने मऊ करायचं, मग मिठाच्या खड्यांनी घासायचं. टूथपेस्ट किती खरवडते याला निदान आंतरराष्ट्रीय मानकाने मर्यादा तरी आहे. चुलीतल्या राखेला आणि विटकरीच्या पुडीला कसलं मानक? कोळशाच्या पुडीबद्दल २०१७ मध्ये अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आढावा आला. ती सुरक्षित आहे किंवा उपयोगाची आहे असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यात सांगितलंय.

काही डाग घासून जाणारच नाहीत, कारण ते आतले असतात. लहानपणी दात घडत असताना पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दातावर खडूसारखे पट्टे नाहीतर तपकिरी डाग येतात. नांदेड, बीड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत हे आहे. तिकडून कामासाठी इथं आलेल्या घरांतली पोरं बघा. तो डाग गावच्या बोअरच्या पाण्याचा, पोरगी दात घासत नाही म्हणून आलेला नव्हे. तिला "घाण" म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगा.

आणि उलटंही असतं. कीड लागायला सुरुवात होते तेव्हा दात काळा होत नाही, हिरडीजवळ पांढुरका, निस्तेज ठिपका दिसतो. क्षार गेल्यामुळे तिथं प्रकाश वेगळा विखुरतो. त्या टप्प्यावर फ्लोराइडने कीड थांबवता येते. पण आपण पांढऱ्याला भीत नाही ना!

मिश्री, कुणी मशेरी म्हणतं, तिच्याबद्दल मात्र मी डागाचं बोलणारच नाही. तिथं काळे दात हे सगळ्यांत किरकोळ नुकसान आहे. तव्यावर भाजलेली तंबाखू ती. दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्या बायकांच्या हाताशी तंबाखू असतेच, आणि आजी नातीला "दात घट्ट होतात" म्हणून बोटभर देते. १९९० च्या दशकात मुंबईत पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. त्यात ५७.५ टक्के बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, जवळपास सगळ्या बिनधुराची. मुंबईतच १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायदा येत नाही. तिथं आपल्यालाच बोलावं लागेल, आणि सासूशी बोलताना सुनेला पुढं करू नका. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, नाहीतर तीन बोटं मावतील इतकंही तोंड उघडत नसेल, तर सिव्हिलला न्या. मंजन बदलून काही होणार नाही.

घरी काय करायचं तर मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट, दोन वेळा, हलक्या हाताने. आंबट खाल्लं की चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका. वरचे डाग दवाखान्यात मशीनने निघतात. "मशीनने साफ केले की दात हलतात" हे प्रत्येक गल्लीत ऐकते. दात आधीच सुटलेले असतात, साचलेल्या दगडाने ते दडवलेलं असतं, एवढंच.

उजेडाची ती यंत्रं आपल्या वस्तीत यावीत असं माझं म्हणणं नाही. त्यांनी जे शिकवलं ते टॉर्च आणि आरशावर भागतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. पथक आलं की आयांनी तिथं हजर राहावं आणि कार्डावर दातांचं काय लिहिलं ते वाचून घ्यावं. पण ते अठरा वर्षांपर्यंतच. विड्या वळणाऱ्या बायांचं तोंड बघायला कोण येतं? विडी कामगारांच्या दवाखान्यात बीपी बघतात तसं दर वेळी टॉर्च लावून तोंडही बघावं, ही मागणी महिला मंडळांनी लेखी द्यावी. अर्ज लिहायला बसाल तेव्हा मला बोलवा.