‘काही नाही’ नावाचा आजार

आमच्या मिरजगावात कुठल्याही बाईला "कशी आहेस?" म्हणून विचारा. "बरी आहे" असं उत्तर येतं आणि पाठोपाठ हळूच, "अंग तेवढं दुखतंय बाई सगळं." ज्वारीची काढणी झाली, कांदा काढून झाला, की अंग दुखायचंच. त्याचं ना बोलणारीला काही वाटत, ना ऐकणारीला.

पण काहींची अंगदुखी सुगी संपली तरी जात नाही. आधी मान, मग खांदे, मग कंबर असं करत दोन-चार वर्षांत सगळं अंग धरतं. रात्रभर झोपूनही सकाळी शीण तसाच, डोकं जड, साध्या गोष्टी आठवत नाहीत. माझ्या एका चुलतीचं असंच झालं. नगरला (आता अहिल्यानगर) नेलं, रक्त तपासलं, एक्स-रे काढले. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, सगळं नॉर्मल आहे."

माझा राग आहे तो या ‘काही नाही’वर. डॉक्टरांच्या तोंडी त्याचा अर्थ असतो, ‘तपासणीत काही सापडलं नाही’. घरी येईपर्यंत त्याचं होतं, ‘हिला काही झालेलंच नाही’. आणि मग सुरू होतं... कामाचा कंटाळा, नाटकं, मनाचे खेळ.

या दुखण्याला नाव आहे, फायब्रोमायल्जिया. बायकांत जास्त आढळतो. 1990 च्या निकषांत डॉक्टर अंगावरच्या ठरावीक 18 जागा दाबून बघायचे, त्यातल्या 11 दुखल्या की निदान. 2010 मध्ये निकष बदलले. दुखणं किती भागांत पसरलंय, झोप कशी, थकवा किती, हे रुग्णाला विचारायचं ठरलं. म्हणजे निदान होतं ते तिचं ऐकून! रक्तात आणि एक्स-रेत ते दिसतच नाही.

मग दुखतं कशामुळे? वस्तीवरचं कुत्रं आठवा. एकदा चोरांचा मार खाल्लेलं कुत्रं पुढे पान हललं तरी भुंकतं. चोर नसतो, पण भुंकणं खोटं नसतं. इथे मेंदू आणि मज्जारज्जू तसे हळवे होतात, साध्या दाबाचीही वेदना करतात. दुखतं ते खरंच दुखतं.

आणि हे काही शहरी फॅड नव्हे. कर्जत-राशीन करत भीमा ओलांडली की भिगवण. तिथे 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. सुमारे 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. ज्याची सगळ्यांना धास्ती, तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दोनशेत जेमतेम एकाला. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याला कुठल्या एका आजाराचं नाव नीट बसेना.

अशी माणसं मग जातात कुठे? सलाईन लावून घेतात, रोज पेनकिलर घेतात, नाहीतर कुणीतरी सांगितलेली वातावरची पुडी. पेनकिलरचा या आजारात फारसा उपयोग नाही, किडनी आणि पोटाला त्रास मात्र होतो. पुडीने चटकन आराम पडला तर उलट सावध व्हा, अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे.

उपचार आहेत, पण ते सावकाशीचे आहेत. आधी थायरॉइड, ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. सांधे सुजत असतील, सकाळी तास तासभर आखडत असतील तर संधिवाततज्ज्ञच गाठावा. झोप आणि वेदनेसाठी डॉक्टर कमी मात्रेत काही गोळ्या देतात, काहींना त्या लागू पडतात. पण युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये सुधारलेल्या शिफारशींत ठाम जोर एकाच उपचारावर आहे, व्यायामावर.

हे सांगितलं की चुलती म्हणते, "मी काय दिवसभर बसून असते का रे?" तिचं बरोबर आहे. खुरपणं हा व्यायाम नव्हे, ती मजुरी. व्यायाम म्हणजे आपल्या मर्जीने, झेपेल तेवढं, दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवत नेणं. दुसरं पथ्य, बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उपसायची नाहीत, नाहीतर पुढचे चार दिवस अंथरूण.

आता सांगा, ही दहा मिनिटं आणि हे कामाचं वाटप त्या बाईच्या एकटीच्या हातात आहे का? नाही. ते घराच्या हातात आहे. तिच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय घर ते देणार नाही. म्हणून मला वाटतं, या आजाराचा निम्मा उपचार दवाखान्यात नाहीच. पाण्याचा हंडा दुसऱ्या कुणीतरी उचलावा, बस्स.

नातेवाईक मंडळींनी हे वाचून आपापल्या घरात एकदा बघावं. रिपोर्ट नॉर्मल आलेलं कुणी आहे का?