बंद दगडखाणी आणि प्रवेशबंदीचा फलक

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात काम करीत असताना शहरालगतच्या बंद दगडखाणीत दोन विद्यार्थी बुडाल्याची नस्ती माझ्यासमोर आली. खाणपट्ट्याची मुदत संपून बरीच वर्षे झाली होती, पट्टेदार केव्हाच निघून गेला होता आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठले होते. मी शिरस्त्याप्रमाणे आदेश दिला : काटेरी तारेचे कुंपण घालावे, 'धोका! प्रवेश निषिद्ध' असा फलक लावावा आणि अनुपालन अहवाल सादर करावा. अहवाल आला आणि नस्ती बंद झाली. पुढच्या पावसाळ्यात त्याच खाणीत आणखी एक मुलगा बुडाला. तार चोरीस गेली होती, फलक मात्र जागेवर होता. चौकशीत माझ्यावर कोणताही ठपका आला नाही, कारण फलक लावल्याचा पुरावा नस्तीत होता. कागदोपत्री मी माझे कर्तव्य पार पाडले होते. ही गोष्ट मला आजही बोचते.

पुढे अभ्यासाच्या निमित्ताने काही काळ अमेरिकेत बॉस्टनला राहण्याचा योग आला. तेथे एका रविवारी एक सहाध्यायी मला शहराच्या दक्षिणेस असलेल्या क्विन्सी या गावी घेऊन गेला. क्विन्सीच्या ग्रॅनाइटच्या खाणी एके काळी प्रसिद्ध होत्या. बंकर हिलच्या स्मारकासाठी येथूनच दगड गेला आणि तो वाहून नेण्यासाठी १८२६ मध्ये खास रेल्वे बांधण्यात आली. शेवटची खाण १९६३ मध्ये बंद झाली. खोल खड्डे पाण्याने भरले, तरुण मुले कड्यांवरून त्यांत उड्या मारू लागली आणि कित्येक जण प्राणास मुकले. उड्या मारणाऱ्यांना परावृत्त करण्यासाठी पाण्यात झाडांचे ओंडके आणि टेलिफोनचे जुने खांब टाकण्यात आले. ते पाण्याने जड होऊन पृष्ठभागाच्या जरा खाली जाऊन राहिले, वरून दिसेनासे झाले आणि धोका उलट वाढला. माझ्या फलकाची आठवण मला तेथे प्रकर्षाने झाली. उपाय योजल्याचे समाधान आणि उपायाचा परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रशासन वारंवार विसरते.

त्यानंतर तेथे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. १९८५ मध्ये तेथील सार्वजनिक प्राधिकरणाने खाणींचा काही भाग विकत घेतला. बॉस्टनमध्ये भुयारी महामार्गाचे प्रचंड काम निघाले तेव्हा खोदून काढलेली माती या खड्ड्यांत भरण्यात आली. पाणी गेले, उभे कडे राहिले. आज ते एक राखीव उद्यान असून परिसरातील प्रस्तरारोहक तेथे सरावासाठी येतात. मी गेलो त्या दिवशीही कड्यांवर रंगांचे फराटे होते आणि त्यांवरून शाळकरी मुले चढत होती. दोर वरच्या भक्कम आधारातून ओवून खाली आणलेला असतो. त्याचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला बांधलेले असते आणि दुसरी बाजू खाली उभा असलेला साथीदार सांभाळतो. चढणाऱ्याचा हात सुटला तर तो थोडासा खाली येऊन लोंबकळतो, इतकेच. मृत्यू थांबवले ते मातीने, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ती जागा पुन्हा ओसाड होऊ दिली नाही ती तेथे नित्य येणाऱ्या माणसांनी. ज्या जागेला वापरणारे असतात, तिच्यावर लक्ष ठेवणारेही आपोआप मिळतात.

आता आपल्याकडे पाहू. दिल्लीभोवतीची अरवली फोडून राजधानीची बांधकामे उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये हरियाणातील अरवलीतील खाणकामाला चाप लावला. खाणी थांबल्या, पण खड्डे राहिले. फरिदाबाद परिसरातील अशा निळ्याशार पाण्याच्या खड्ड्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्याच जिल्ह्यात धौजच्या नैसर्गिक कातळांवर दिल्लीचे प्रस्तरारोहक अनेक वर्षांपासून सराव करीत आले आहेत. म्हणजे जाणकार मंडळी आहेत, जागा आहेत आणि शहर जवळ आहे. यांना जोडणारा आदेश तेवढा नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दगडखाण हे लाभाच्या खासगीकरणाचे आणि हानीच्या सामाजिकीकरणाचे ठळक उदाहरण आहे. दगडाची किंमत पट्टेदाराला मिळते, स्वामित्वधन शासनाला मिळते आणि खड्डा गावाला मिळतो. १९५७ च्या खनिज कायद्यानुसार बांधकामाचा दगड हे गौण खनिज असल्याने त्याचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. खाण बंद करताना ती कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या उपयोगासाठी सोपवावी, हा प्रश्न पट्टा देतानाच सोडवावयास हवा. तो सुटत नाही, म्हणून मग फलक लागतो.

सगळ्याच खाणी प्रस्तरारोहणास योग्य नसतात, हेही नमूद केले पाहिजे. सुरुंग लावून फोडलेल्या कड्यांत भेगा असतात, सैल दगड असतात. काही खाणींत पाणी हेच आता मोल आहे. काही कड्यांवर पक्षी घरटी करतात, तेथे विणीच्या हंगामात चढाई बंद ठेवावी लागेल. गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यान हे पूर्वीच्या खाणक्षेत्रावरच नागरिकांच्या सहभागाने उभे राहिले आहे. तेथे वृक्षराजी हाच योग्य उपयोग ठरला. माझा आग्रह प्रस्तरारोहणासाठी नसून उपयोग ठरवण्यासाठी आहे. मात्र शहरालगतच्या कोरड्या, भक्कम कड्यांसाठी इतक्या अल्प खर्चाचा दुसरा उपयोग मला सुचत नाही.

मग अडते कोठे? अडते भीतीपाशी. परवानगी दिली आणि कोणी पडले तर जबाबदार कोण? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा जुन्या संहितेत दोन वर्षे होती, ती आता पाच वर्षे आहे. अशा स्थितीत अधिकारी 'नाही' म्हणतो, याचे मला नवल वाटत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये याबाबत स्पष्ट तरतूद आहे : जो जमीनमालक शुल्क न घेता लोकांना मनोरंजनासाठी जागा खुली करतो, तो हेतुपुरस्सर किंवा बेदरकार वर्तन केल्याखेरीज इजेस जबाबदार धरला जात नाही. इंग्लंडमध्ये तर गिर्यारोहकांच्या राष्ट्रीय संस्थेने २००५ मध्ये डर्बीशायरमधील हॉर्सशू ही बंद खाण चक्क विकत घेतली आणि तिची देखभाल स्वतःकडे घेतली.

हे तत्त्व आपल्याला परके आहे असेही नाही. १८६० च्या दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये, आणि आता न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये, करमणुकीसाठी परस्परसंमतीने तलवारबाजी करणाऱ्या दोघांचे उदाहरण आहे. खेळात कपट नसेल तर होणारी इजा त्यांनी पत्करलेली असते, असा त्याचा आशय. संमती देण्यास पात्र अशा प्रौढाने जाणून पत्करलेला धोका आणि अजाण मुलावर लादला गेलेला धोका यांत कायदा भेद करतो. आपला फलक तो करत नाही. दोघांनाही तो एकच गोष्ट सांगतो, आणि दोघेही तो वाचत नाहीत.

हा सुखवस्तूंचा छंद आहे, त्यासाठी शासनाने का झिजावे, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. म्हणून जागा देताना अट असावी, की खाणीशेजारच्या वस्तीतील मुलांना विनामूल्य प्रशिक्षण मिळेल आणि कड्याची देखरेख त्याच वस्तीतील तरुणांकडे राहील. बुडणारी मुले बहुधा तेथलीच असतात. २०२१ मध्ये टोकियोत प्रस्तरारोहणाचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला, तेव्हा या मुलांपुढे क्रीडा म्हणूनही एक वाट उघडू शकते.

प्रत्येक जिल्ह्याने मुदत संपलेल्या खाणपट्ट्यांची यादी करावी. भूवैज्ञानिकाकडून कड्यांची पाहणी करून घ्यावी. पाणी राहणार असेल तेथे माणूस नेमावा, केवळ फलक नव्हे. आणि योग्य जागा प्रशिक्षित संस्थांना लेखी अटींवर, ठरावीक मुदतीसाठी द्याव्यात. जबाबदारीची मर्यादा राज्याने कायद्यानेच स्पष्ट करावी, म्हणजे सही करणाऱ्याचा हात थरथरणार नाही. यातले काहीही फार खर्चाचे नाही. त्या वेळी मी निदान यादी तरी करून घेऊ शकलो असतो. पण मला ते सुचले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.