छोट्या संगणकाला आधी हवा आणि वीज द्या

छोटा डेस्कटॉप घ्यायला आलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ताई, प्रोसेसर कोणता टाकता?’ दुकानदारांची कोटेशनंही याच क्रमाने बनतात. वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, आणि अगदी तळाशी एकाच ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. भल्यामोठ्या टॉवरमध्ये हा क्रम चालून जातो, कारण तिथे जागाही भरपूर असते आणि हवाही. छोट्या डब्यात मात्र तो उलटा करावा लागतो. आधी कॅबिनेट, मग एसएमपीएस (म्हणजे वीज पुरवणारा भाग), मग कूलर, आणि या तिघांना झेपेल तेवढाच प्रोसेसर. अकोल्यात संगणक जोडण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे. माझ्या टेबलावर येणारे बहुतेक आजारी छोटे संगणक या उलट्या क्रमाअभावीच आजारी पडलेले असतात.

छोटा म्हणजे किती छोटा, हे आधी सांगते. इंटेलने 1995 मध्ये आणलेला एटीएक्स मदरबोर्ड साडेतीस सेंटिमीटर लांब आणि साधारण साडेचोवीस रुंद असतो. व्हीआयए या तैवानी कंपनीने 2001 मध्ये मिनी आयटीएक्स हा आकार आणला, तो 17 बाय 17 सेंटिमीटरचा. आजचे बहुतेक छोटे संगणक याच चौकोनाभोवती बांधले जातात. कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये मोजतात. नेहमीचा टॉवर 40 ते 50 लिटरचा असतो. कूलर मास्टरचा एनआर200 सव्वाअठरा लिटरचा, म्हणजे घरी येणाऱ्या पाण्याच्या जारपेक्षाही थोडा लहान. एएसरॉकचा डेस्कमिनी तर दोन लिटरांच्याही आत. पुण्यात एका खोलीत चौघं राहून एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं, काउंटरवर वीतभर जागा असलेला मेडिकलवाला, टेबलभर फायलींत बसलेले सीए, यांना असा संगणक हवासा वाटणं साहजिक आहे. त्यांची गरज खरी आहे, म्हणूनच तो नीट निवडला जावा असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात आधी उष्णता. या सामानाचे व्हिडिओ आणि परीक्षणं आपण पाहतो, ती बहुतेक वेळा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत झालेली असतात. त्यात ‘पूर्ण ताणावर प्रोसेसर 75 अंश’ असं सांगितलं की आपण निश्चिंत होतो. पण पंखा आणि कूलर मिळून प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा किती वर ठेवतात, हा खरा आकडा असतो. 25 अंशांच्या खोलीत 75 म्हणजे फरक 50 चा. मे महिन्यात अकोल्यात बाहेर 44-45 अंश असताना दुपारी दुकानाच्या आतही 42 सहज होतात. 42 अधिक 50 म्हणजे 92, आणि छोट्या डब्यात हवा कोंडली की त्याहूनही वर. एएमडीचे आजचे बरेच प्रोसेसर 95 अंशांना स्वतःचा वेग उतरवतात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात जो संगणक सुसाट चालतो, तोच आमच्याकडे जानेवारीत उत्तम आणि मेमध्ये कासवगतीने चालतो. मग ग्राहक म्हणतो, ‘ताई, पंखा लय आवाज करून राहिला, अन् टॅली अडकून राहिली.’ अशा वेळी प्रोसेसरमध्ये काही बिघाड नसतो. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली नसते.

दुसरी गोष्ट वॅटची. खोक्यावर ‘65 वॅट’ वाचून लोक निर्धास्त होतात. इंटेलच्या कोअर आय5 12400 वर 65 वॅट हा मूळ आकडा आहे. टर्बो चालू झाला की तोच 117 वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय7 12700 चा मूळ आकडाही 65 च, पण टर्बोची कमाल 180. एएमडीचा 65 वॅटचा रायझन सॉकेटमधून 88 वॅटपर्यंत वीज घेतो. छोट्या डब्यात या कमाल आकड्यावरच हिशेब करायचा. सुदैवाने बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणता येते. एएमडीच्या 65 वॅटच्या चिपला इको मोडमध्ये 45 वॅटवर बसवलं, तर ऑफिसच्या कामात वेगातली घट जाणवतही नाही आणि पंखा मात्र शांत होतो. ज्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड नको आहे त्यांना मी रायझन 5 5600जी किंवा 8600जी यांसारख्या, आत ग्राफिक्स असलेल्या चिप सुचवते. इंटेल घ्यायचा असेल तर नावाच्या शेवटी ‘एफ’ नाही ना, हे बघून घ्या. एफ असलेल्या चिपमध्ये ग्राफिक्स नसतं, आणि मग त्याच चिमुकल्या डब्यात एक कार्ड कोंबावं लागतं.

कूलर निवडताना पट्टी हातात घ्या. प्रत्येक कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते. डेस्कमिनीच्या एक्स300 मध्ये ती 46 मिलिमीटर आहे. नॉक्टुआचा एनएच-एल9 मालिकेतला कूलर 37 मिलिमीटरचा, तो आरामात बसतो. थर्मलराइटचा एएक्सपी90-एक्स47 मात्र 47 चा आहे, तो बसणार नाही. एका मिलिमीटरने झाकण लागत नाही, आणि दाबून लावलं तर मदरबोर्ड वाकतो. रॅमचंही तसंच. झगमगत्या दिव्यांच्या आणि उंच पत्र्याच्या काड्या बुटक्या कूलरच्या पंख्याखाली येत नाहीत. साधी, बिनदिव्यांची, तीसेक मिलिमीटर उंचीची काडी घ्या. कामात फरक पडत नाही.

आता ज्या भागावर लोक सर्वांत कमी पैसे टाकतात त्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे, येऊ. स्वस्त कॅबिनेटबरोबर जो आयता येतो, त्याचा स्टिकर एकदा नीट वाचा. वर ठळक अक्षरांत ‘450 वॅट’ असतं. खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते पाहा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः याच 12 व्होल्टवर चालतात. तिथे 18 अँपिअर लिहिलं असेल तर 12 गुणिले 18, म्हणजे 216 वॅट. 450 चा गाजावाजा आणि हातात 216. कोटेशनमध्ये हा आकडा कुणी लिहीत नाही, म्हणून ग्राहकाने तो विचारावा. छोट्या डब्यांसाठी एसएफएक्स हा प्रमाणित आकार आहे: 125 बाय 100 बाय साडेत्रेसष्ट मिलिमीटर. नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस गोल्ड दर्जाचा एसएफएक्स महाग वाटतो खरा. पण तो अर्ध्या भारावर साधारण 90 टक्के वीज कामाला लावतो आणि डब्यातच फुकट जाणारी उष्णता कमी करतो. डेस्कमिनीसारख्या यंत्रात तर लॅपटॉपसारखा 19 व्होल्टचा अडॅप्टर बाहेर असतो, त्यामुळे वीज बदलताना होणारी बरीचशी उष्णता डब्याच्या बाहेरच राहते. आमच्या हवामानात हा मोठाच फायदा आहे.

यूपीएस घेतानाही आकडा वाचा. 600 व्हीए लिहिलेला घरगुती यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो. आणि अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. डब्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं ते त्यामुळेच. अशा घरात कितीही चांगला एसएमपीएस बसवला तरी त्याला जमिनीचा आधार मिळत नाही. संगणक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, हा माझा पहिला सल्ला असतो.

ग्राफिक्स कार्ड खरंच लागत असेल तर त्याची लांबी, जाडी आणि वायर वळायला लागणारी जागा, तिन्ही मोजा. एनव्हिडियाचं आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं रूप 70 वॅटचं आहे. या रूपाच्या बहुतेक कार्डांना वेगळी वायर लागत नाही, आणि त्याची बुटकी मॉडेलंही मिळतात. मोठ्या कार्डांची 16 पिनांची वायर कनेक्टरपाशीच मुरडायची नसते, साधारण 35 मिलिमीटर सरळ जाऊ द्यायची असते. कार्ड मदरबोर्डच्या पाठीमागे बसवणाऱ्या कॅबिनेटमध्ये रायझर केबल असते. जुन्या पिढीची रायझर आणि नव्या पिढीचं कार्ड यांचं जुळलं नाही की पडद्यावर काहीच येत नाही. बायोसमध्ये स्लॉट एक पिढी खाली आणला की चित्र येतं. मेलं म्हणून टाकून द्यायला निघालेली कार्डं माझ्या टेबलावर अशी जिवंत झालेली आहेत.

आमच्या भागातली एक अडचण परदेशी परीक्षणांत कधीच सापडत नाही, ती म्हणजे खोलीतला वाळ्याचा कूलर. मार्च ते जून तो ओली हवा फेकतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, त्यामुळे कूलरच्या ताट्यांवर पांढरे थर चढतात. त्याच्या समोर ठेवलेला संगणक उघडला की पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या फटींत पांढुरकी, चिकट धूळ बसलेली दिसते. मोठ्या टॉवरमध्ये हीच धूळ पसरून बसते. छोट्या डब्यात दोन-तीन मिलिमीटरच्या फटी ती पार बुजवून टाकते. म्हणून जाळी सहज निघणारं, झाकण स्क्रूशिवाय उघडणारं कॅबिनेट घ्या. संगणक कूलरच्या झोतापासून दूर, जमिनीऐवजी टेबलावर ठेवा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारा.

शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दुरुस्तीचा. छोटं म्हणजे सीलबंद असायलाच हवं, असा समज बाजाराने करून दिला आहे. अॅपलचा 2024 चा मॅक मिनी तळहाताएवढा आणि वेगवान आहे, पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही. अनेक ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि मदरबोर्ड त्या कंपनीच्याच आकाराचे असतात. वॉरंटी संपल्यावर भाग मिळाला तर नशीब. उलट मिनी आयटीएक्स बोर्ड, एसएफएक्स एसएमपीएस आणि एम.2 ची 2280 मापाची एसएसडी असं प्रमाणित सामान घेतलं, तर कुठल्याही कंपनीचा भाग कुठल्याही शहरात बसतो. डेस्कमिनी एक्स300 मध्ये लॅपटॉपची डीडीआर4 रॅम लागते, म्हणजे बंद पडलेल्या जुन्या लॅपटॉपमधली काडीही कामी येते. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा काळात आज 16 जीबीची एक काडी घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवता येणं ही खरी बचत आहे. फक्त आतल्या ग्राफिक्सवर गेम खेळायचे असतील तर आजच दोन काड्या लावा, कारण ते ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगतं.

काही व्यावसायिक म्हणतील, मिनी आयटीएक्स महाग पडतो. बरोबर आहे. बोर्ड महाग, एसएफएक्स महाग, आणि लहान गावांत दोन्ही मागवावे लागतात. जागेची खरी अडचण नसेल तर मायक्रो एटीएक्सचा बोर्ड आणि त्याचं आटोपशीर कॅबिनेट घ्या. ते थोडं मोठं असतं, पण त्याच पैशांत रॅमचे जास्त स्लॉट आणि भरपूर हवा मिळते. शोभेसाठी लहान डबा घ्यायचा आणि पैसे संपले म्हणून एसएमपीएसमध्ये कपात करायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. तो हक्क वापरायचा तर खरेदीच्या वेळीच तशी अट घालावी लागते. ग्रामपंचायती, पतसंस्था, जिल्हा परिषदेच्या शाळा आता जागा वाचवण्यासाठी छोटे संगणक मागवतात. त्यांच्या निविदेत प्रोसेसरचं नाव आणि रॅमचे जीबी असतात, बाकी काही नसतं. माझी या सर्वांना विनंती आहे, निविदेत चार ओळी वाढवा: रॅम आणि एसएसडी बदलता यावी, एसएमपीएस किंवा अडॅप्टर प्रमाणित मापाचा असावा, 12 व्होल्टचे अँपिअर लिहून द्यावेत, आणि 45 अंशांच्या खोलीत पूर्ण ताणावर तासभर चालवून दाखवल्यावरच बिल मंजूर व्हावं. या अटी पाळणारे विक्रेते आपल्याकडे आहेत. मागणारे ग्राहक मात्र हवेत.