व्हॉट्सॲपवरची लग्नपत्रिका खरी की सापळा? फाइलचा ‘हॅश’ काय सांगतो, काय नाही

ऑगस्ट २०२५. हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. पत्रिका समजून उघडलेली फाइल प्रत्यक्षात एपीके, म्हणजे ॲन्ड्रॉइड ॲप होती. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. परभणीतल्या येलदरीसाठी हिंगोली हा शेजारचाच जिल्हा. उद्या तीच फाइल नाव बदलून गावच्या ग्रुपवर आली, तर ओळखायची कशी?

हॅश म्हणजे काय?

फाइलमधल्या सगळ्या माहितीवर गणिती प्रक्रिया करून निघणारा ठरावीक लांबीचा कोड. ‘एसएचए-२५६’ पद्धतीत तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाइलचं नाव ‘लग्नपत्रिका’ ठेवा किंवा ‘पीएम किसान’, हॅश तोच राहतो. आतला एक बिट जरी बदलला, तरी हॅश पार बदलतो. म्हणूनच त्याला फाइलचा अंगठा म्हणतात.

उपयोग कुठे होतो?

अनेक सॉफ्टवेअर बनवणारे आपल्या फाइलचा हॅश जाहीर करतात. तो जुळला, तर फाइलमध्ये फेरफार झालेला नाही. अमेरिकेची ‘निस्ट’ ही संस्था ओळखीच्या सॉफ्टवेअर फाइल्सच्या हॅशचा संग्रह ठेवते. जप्त कॉम्प्युटरमधल्या अशा फाइल्स बाजूला काढून तपास अधिकारी उरलेल्यांकडे लक्ष देतात. ‘व्हायरसटोटल’वर हॅश टाकला, की ती फाइल आधी घातक ठरली आहे का, ते दिसतं.

मग धोका टळला?

नाही. ठग फाइलमध्ये किरकोळ बदल करतात आणि नवा हॅश तयार होतो. त्यामुळे ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ ‘फाइल सुरक्षित आहे’ असा होत नाही. ती फक्त अनोळखी आहे.

कोर्टात काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. पुरावा नंतर बदललेला नाही, हे त्यावरून तपासता येतं.

तुम्ही काय कराल?

लग्नपत्रिका पाहायला ॲप लागत नाही. नावाच्या शेवटी ‘एपीके’ दिसलं, की उघडू नका, फॉरवर्डही करू नका. पाठवणारा ओळखीचा असला तरी आधी फोन करून विचारा, कारण त्याचंच व्हॉट्सॲप हॅक झालेलं असू शकतं. चुकून इन्स्टॉल झालं, तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा.