छप्पर कोणासाठी?



अमेरिकेत न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या राज्यांच्या सीमेवरून कनेक्टिकट नदी वाहते. तिच्यावर कॉर्निश व विंडसर या दोन गावांना जोडणारा एक लाकडी पूल १८६६ पासून उभा आहे. लांबी सुमारे ४५० फूट; आणि लांबट घराप्रमाणे त्याला भिंती व छप्पर आहे. पूर्वीचा पूल पुरात गेल्यावर जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी तो ९,००० डॉलरमध्ये बांधला.

छप्पर वाटसरूंच्या सोयीसाठी असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ते लाकडासाठी आहे. सांध्यांत पाणी मुरले की लाकूड कुजते. उघडा लाकडी पूल दोन दशकांतच जीर्ण होतो, झाकलेला शतक ओलांडतो. बाहेरच्या फळ्या कुजल्या तर त्या बदलता येतात. भार वाहणारा आतला सांगाडा मात्र पुलाचे मुद्दल होय.

सांगाड्याला हादरे बसू नयेत म्हणून प्रवेशद्वारावर पाटी लावलेली आहे : घोडे चालवत न्या, अन्यथा दोन डॉलर दंड. पुलावर १९४३ पर्यंत पथकर घेतला जाई. पुढे १९८७ ते १९८९ या काळात पूल बंद ठेवून त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली. तिचा खर्च ४४ लाख डॉलरांहून अधिक झाला. छप्पर असले तरी देखभाल सुटत नाही, हाही त्याचा धडा.

या पुलाविषयी वाचताना मला माझीच एक चूक आठवली. शाखाधिकारी असताना एका व्यापाऱ्याने गोदामाच्या छपरासाठी कर्ज मागितले होते. ‘यातून उत्पन्न काय?’ असे विचारून मी तो अर्ज बाजूला ठेवला. त्याच पावसाळ्यात त्यांची धान्याची थप्पी भिजली. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. म्हणूनच ती गोष्ट अद्याप सलते.

छपराच्या खात्यावर जमेची बाजू कधीच दिसत नाही. न झालेले नुकसान कोणत्या वहीत लिहिणार? दिवाळीला नव्या वहीचे पूजन करताना गेल्या वर्षी पुढे ढकललेल्या दुरुस्त्यांची यादी एकदा अवश्य करावी. कामाचा आरंभ तिथूनच व्हावा.