टाचा टेकण्याचा हट्ट

नव्याने मोटरसायकल शिकू पाहणाऱ्यांना सल्ला देणारे एक गृहस्थ आहेत. गाड्यांचा त्यांचा अनुभव मोठा आहे, लोक त्यांचं ऐकतात, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणं भाग आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सीटवर बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या नाहीत, तर ती गाडी तुमची नव्हे. उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तर गुमान स्कूटर घ्या. गिअरचीच हौस असेल तर बुटक्या सीटची क्रूझर घ्या. याउपर दुसरं काही मागणाऱ्यांनी आपल्या आणि इतरांच्या जिवाशी खेळू नये. माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या पाच फूट उंचीच्या एका मुलीला त्यांनी हेच ऐकवलं आणि ती शोरूमच्या दारातून माघारी आली. तिने पैसे साठवले होते, कोणती गाडी तेही ठरवलं होतं. राहिला होता तो फक्त या गृहस्थांचा होकार, जो तिने मागायलाच नको होता.

आधी हे सव्वापाच फुटांचं बघू. आपल्या देशातल्या बायकांची सरासरी उंची साधारण 152 सेंटीमीटर आहे, म्हणजे पाच फूट. पुरुषांची 165च्या आसपास. या गृहस्थांच्या नियमाने देशातल्या बहुतेक सगळ्या बायका आणि पुष्कळ पुरुष मोटरसायकलला अपात्र ठरतात. देशातली सरासरी बाई ज्यात बसत नाही, तो नियम माणसासाठी केलेला नाही.

आता त्यांच्या आवडत्या स्कूटरकडे वळू. सुझुकी ॲक्सेस 125च्या सीटची उंची 773 मिलिमीटर. हिरो स्प्लेंडर प्लसची 785. फरक 12 मिलिमीटरचा, जाड तळव्याचा बूट घातला की मिटणारा. स्कूटी पेप प्लस खास मुलींची म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली, तिची सीटसुद्धा 768 मिलिमीटरवर होती. शिवाय स्कूटरची सीट रुंद असते. मांड्या फाकतात, आणि जी लांबी पायाने जमिनीकडे जायला हवी ती आडवी खर्च होते. स्प्लेंडरची सीट टाकीजवळ निमुळती होत जाते, तिथे पुढे सरकून बसलं की पाय सरळ खाली उतरतो. कुठल्याही शाळेबाहेर दुपारी उभं राहून बघा. स्कूटरवरून मुलांना न्यायला आलेल्या कितीतरी आया चवड्यांवर उभ्या असतात, पुढे दप्तर, मागे पोर. त्यांना कुणी कधी म्हणालं का, की टाचा टेकत नाहीत, उतरा खाली? कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण त्या गाडी व्यवस्थित चालवतात. मग टाचेचा नियम गिअरच्या गाडीपाशीच का जागा होतो? याचं उत्तर या गृहस्थांनी द्यावं. माझ्या मते त्यांना टाचेची काळजी नाहीच. कुणी काय चालवायचं हे त्यांनी आधी ठरवलेलं आहे आणि टाच त्यांना नंतर सापडली आहे.

सीटच्या उंचीचा छापील आकडा पुरेसा नसतो, हे गाड्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी सांगावं लागतंय याचा मला राग येतो. रिकाम्या गाडीचा शॉकअप फुललेला असतो. माणूस बसला की तो दबतो आणि सीट दोन-तीन सेंटीमीटर खाली येते. किती खाली येते ते बसणाऱ्याच्या वजनावर आणि स्प्रिंग किती कसली आहे त्यावर ठरतं. ठेंगणी माणसं बहुधा हलकीही असतात, त्यामुळे कसलेली स्प्रिंग त्यांच्याखाली कमीच दबते. स्प्लेंडरच्या मागच्या शॉकअपला पाच खाचा असतात, पान्ह्याने स्प्रिंग सैल करता येते. एवढं केल्यावर तीच सीट, तीच मुलगी आणि तोच पाय जमिनीच्या जवळ येतो. त्या मुलीला परत पाठवणाऱ्या या गृहस्थांनी पान्हा हातात घेतला नव्हता.

पण त्यांचा सगळ्यात घातक सल्ला क्रूझरचा आहे, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही. बजाज ॲव्हेंजर स्ट्रीट 160ची सीट 737 मिलिमीटर, स्प्लेंडरपेक्षा 48 मिलिमीटरने खाली. हे खरं आहे आणि हे एवढंच ते सांगतात. वजन सांगत नाहीत. ॲव्हेंजर 156 किलो, स्प्लेंडर 112. वरचे 44 किलो म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोणी. दोन चाकांमधलं अंतर स्प्लेंडरचं 1236 मिलिमीटर, ॲव्हेंजरचं जवळपास दीड मीटर. लांब गाडीला वळायला जागा जास्त लागते. ज्या गल्लीत स्प्लेंडर एका दमात फिरते, तिथे क्रूझर पुढेमागे करावी लागते, आणि ती पुढेमागे करणार कोण, तर तीच पन्नास किलोची मुलगी. पायाच्या दांड्या पुढे असल्यामुळे आखूड पाय ब्रेकपर्यंत ताणावा लागतो. हँडल पूर्ण वळवलं की बाहेरचं टोक आखूड हातातून निसटायला बघतं. टाचा टेकल्या, बाकी सगळं अवघड झालं.

याहून ढळढळीत उदाहरण हवं असेल तर टीव्हीएस ज्युपिटर आणि रॉयल एनफील्ड मीटिअर 350 शेजारी उभ्या करा. दोन्हींची सीट 765 मिलिमीटर. ज्युपिटर साधारण 107 किलो, मीटिअर 191. या गृहस्थांच्या मापाने दोन्ही सारख्याच सोप्या. त्यांनी पार्किंगच्या उतारावर मीटिअर चढाच्या बाजूने मागे ढकलून दाखवावी आणि मग बोलावं.

शिकाऊ माणसाची गाडी पडते कुठे? बहुतेक वेळा पार्किंगमध्ये, यू-टर्नला, किंवा थांबता थांबता, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबल्यामुळे. पुढचं चाक वळलेलं असताना अडकलं की गाडी त्या बाजूला कोसळायला लागते, आणि मग किती किलो कोसळतंय एवढाच प्रश्न उरतो. एका ठरावीक कलापर्यंत पाय गाडी तोलतो, त्यापुढे सहा फुटी माणसाचाही तोलत नाही. तो कल हलक्या गाडीला उशिरा येतो आणि जड गाडीला लगेच येतो. गाडी सावरण्यात टाच टेकण्यापेक्षा वजन कितीतरी मोठं काम करतं.

आणि दोन्ही पाय कशाला हवेत? थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, ही साधी रीत आहे. कंबर जरा डावीकडे सरकवली की ठेंगण्या माणसाचाही एक तळवा भक्कम टेकतो. चढावर तर उजवा पाय ब्रेकवरच लागतो, तिथे दोन्ही पाय टेकणाऱ्याची गाडी मागे घरंगळू शकते. आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायला लावतात, तिथे पाय खाली आला की चूक धरतात. चालत्या गाडीचा तोल हाफ क्लच, मागचा ब्रेक आणि नजर सांभाळतात. शर्यतीची उदाहरणं शिकाऊंना लागू पडत नाहीत हे मान्य, पण उंचीशिवाय ताबा नाही असं सरसकट विधान करणाऱ्याने दानी पेद्रोसाचं नाव ऐकलं असेल. जेमतेम 160 सेंटीमीटरचा हा माणूस तीन वेळा जगज्जेता झाला, 2003 साली 125 सीसीत, 2004 आणि 2005 साली 250 सीसीत, आणि पुढे मोटोजीपीच्या 31 शर्यती जिंकला.

हे वाद नवे नाहीत. 1972 साली लूना आली आणि बायका तिच्यावर बसू लागल्या तेव्हाही तोल, पदर, रस्ता अशी कारणं निघाली होती. आमच्या आयांनी ती ऐकली आणि लूना चालवली. कारणं बदलत गेली, सांगणाऱ्याचा सूर तोच राहिला. दुसरा जुना वाद पहिल्या गाडीच्या आकाराचा. 'घ्यायची तर एकदाच मोठी घ्या, नाहीतर वर्षभरात कंटाळाल,' असं सांगणारे एक सद्गृहस्थ मला पूर्वी भेटले होते. त्यांच्या सल्ल्याने 195 किलोची क्लासिक 350 घेतलेली माणसं मी बघितली आहेत; गाडी कव्हराखाली आणि माणूस रिक्षात. कंटाळा येण्याइतकं चालवणं हेच तर शिकाऊ माणसाला साधायचं असतं.

छोटी गाडी हायवेला टिकत नाही, हा आक्षेप पहिल्या वर्षात हायवे गाठायचाच नसतो एवढ्यावर संपतो. स्कूटर सुरक्षित, हाही दावा टिकत नाही. खड्ड्यात 10-12 इंची चाकापेक्षा 18 इंची चाक बरं.

एका गोष्टीत टाचांचा हट्ट धरणाऱ्या गृहस्थांचं बरोबर आहे. हिरो एक्सपल्ससारखी 825 मिलिमीटरच्या घरातली गाडी पाच फुटी शिकाऊने पहिली म्हणून घेऊ नये. आणि पाय टेकण्याने धीर येतो, हेही खरं.

मग घ्यावं काय? हलकी, अरुंद सीटची, 100 ते 125 सीसीची साधी गाडी. स्प्लेंडर चालेल, होंडा शाइन 100 चालेल. शाइनची सीट 786 मिलिमीटर आणि वजन फक्त 99 किलो. शक्यतो जुनी घ्यावी, पडली तर जीव हळहळू नये. लेग गार्ड लावून घ्यावा. स्प्रिंग सैल करावी, तरी कमी पडलं तर सीटवाल्याकडून पुढच्या भागातला फोम तासून घ्यावा. शॉकअपची जोडणी बदलून गाडी बुटकी करायच्या फंदात पडू नये; साइड स्टँड लांब पडतो आणि गतिरोधकाला पोट घासतं. जुनी असो की नवी, बघायला रोजचे बूट घालून जावं आणि गाडीवर बसण्याआधी ती दहा पावलं मागे ढकलून बघावी. ढकलता आली तर ती तुमची.

त्या मुलीला मी पुढच्या रविवारी परत शोरूममध्ये नेणार आहे, आणि पान्हा मागून घेणार आहे.